सहा वाजले, सोमवारी बोलू

सुजाताताई,

तुझी बातमी आली तेव्हा मी धुळ्यात होते. जळगावची बस धरली आणि पारोळा यायच्या आत तुझ्यावरचं पत्रक माझ्या डोक्यात तयार होतं. डोळ्यांत पाणी यायच्या आधी मथळा आला, बघ. 'कामाच्या ओझ्याने घेतला आणखी एक बळी.' मला तेच शिकवलंय. आमच्या कामगार संघटनेत माणूस गेला की पहिला प्रश्न असतो, कोणी मारलं? आणि उत्तर माझ्या हातात होतं. तुझी पुण्याची कंपनी, तिचा तो मॅनेजर, त्याचे ते गोड आवाजातले फोन.

शेजारच्या बाईने विचारलं, "कोण गेलं गं पोरी?"

"बहीण," मी म्हटलं, आणि मग कुठे रडू फुटलं. एरंडोल आलं तरी थांबेना. तिने आपली पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि पुढे काही विचारलं नाही. बरं झालं. तू भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली, बौद्ध घरातली. मी नरडाण्याजवळच्या खेड्यातली, कापसाच्या शेतातली. आपण बहिणी कशा, ते समजावत बसले असते तर जळगाव आलं असतं.

पत्रक दुसऱ्या दिवशी लिहून काढलं. भाऊंनी, म्हणजे आमच्या संघटनेच्या सेक्रेटरींनी, ते उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाले, "जोरदार." तुझ्या पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली सभेला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ते द्यायचं ठरलं. पण मी ते वाचायला घेतलं की मध्येच तुझा आवाज यायचा. माझी पत्रकं वाचून तू कधी छान म्हणाली नाहीस, वाईटही म्हणाली नाहीस. एका वाक्यावर बोट ठेवायचीस आणि विचारायचीस, "हे तुला कोणी सांगितलं?"

ताई, मला कोणीच सांगितलं नव्हतं.

मी तुझ्याकडे पहिल्यांदा आले ती जगावर चिडूनच. पुण्यात वर्षभर नोकरी करून झाली होती. जागून केलेलं काम सकाळी परत यायचं, ते दुरुस्त करायला पुन्हा जागायचं, आणि जो जास्त जागेल त्याची पाठ थोपटायची. एक दिवस राजीनामा फेकला, गावी आले, संघटनेत शिरले. पण पोट होतंच. कोणीतरी सांगितलं, जळगावात मेहरूणला एक ताई आहेत, घरूनच सॉफ्टवेअरचं काम करतात, वरच्या खोलीत आपल्याकडच्या पोरापोरींना बसू देतात, बारीकसारीक कामं मिळवूनही देतात. आले. पहिल्याच सकाळी तू चहाचा कप पुढे केलास आणि विचारलंस, "आज काय होणार तुझ्याकडून?"

"बठ्ठं," मी म्हटलं. घरची बोली निसटली तोंडातून.

"बठ्ठं म्हणजे किती?"

"म्हणजे सगळं. जे दिलंय ते सगळं."

"सगळं असं काही काम नसतं. एक काम सांग. त्याला किती वेळ लागेल ते सांग. आणि खरंच किती लागला, ते संध्याकाळी सांग."

मी म्हटलं, जेवायच्या आत उरकते. संध्याकाळी तेच काम माझ्यासमोर तसंच पडलेलं. तू खुर्ची ओढून बसलीस. "काय झालं, बठ्ठंबाई?"

"लाईट गेली होती ना."

"किती वेळ?"

"थोडा वेळ."

"आणि उरलेला दिवस कोण घेऊन गेलं?"

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "ही हजेरी घ्यायची पद्धत मालकाची आहे, ताई." तू हसलीस. राग आला तरी तू हसायचीस, त्यामुळे भांडणाऱ्याला धड भांडताही यायचं नाही. "मालकाला कुठे कळवतेय मी? तुझा दिवस आहे. तुझ्याच दिवसाचं तुला विचारतेय."

त्या दिवसापासून त्या खोलीत माझं नाव बठ्ठंबाई पडलं. आणि हळूहळू माझे अंदाज खरे यायला लागले. माझं काम परत यायचं कमी झालं. हे मी कुठल्याच पत्रकात लिहिलं नाही, कारण ते आमच्या पत्रकात बसत नाही. आमच्या पत्रकात माणसं दोनच प्रकारची असतात, पिळणारी आणि पिळली जाणारी. आपलं काम आपल्याला नीट जमलं म्हणून संध्याकाळी अंग हलकं झालेलं माणूस आमच्या पत्रकात नाही. मला ते माणूस तुझ्या खोलीत भेटलं, आणि ते मीच होते. याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. आपण आभार मानणाऱ्यांतल्या नव्हतोच ना. आपण भांडणाऱ्यांतल्या.

तुझी सगळ्यात अजब सवय मात्र वेगळी होती. काम झालं की ते पाठवायच्या आधी तू लॅपटॉप उचलून खाली जायचीस आणि अक्काला, म्हणजे तुझ्या आईला, ते वाचून दाखवायचीस. कोड! अक्का लसूण सोलत बसलेली असायची. तू एकेक ओळ साध्या मराठीत सांगत जायचीस आणि अक्का मधूनमधून 'हं' करायची, गोष्ट ऐकल्यासारखी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा जिन्यात उभी राहून हसले होते.

"अर्ज आला," तू सांगत होतीस, "तर आधी जन्मतारीख बघायची."

"हं."

"तारखेवरून वय काढायचं."

"हं."

"तारीख लिहिलेलीच नसेल, तर वय शून्य धरायचं आणि पुढे…" तू थांबलीस. "अगं बाई!"

"सापडलं का?" अक्काने लसणावरून नजर न काढता विचारलं.

"सापडलं. तारीख विसरलेल्या म्हाताऱ्याला मी तान्हं बाळ करून टाकलं असतं."

अक्का इतकी हसली की लसणाची सालं उडाली. मी खाली आले. म्हटलं, "अक्का, तुम्हाला यातलं काय कळतं?"

"मला काहीच नाही कळत," अक्का म्हणाली. "तिलाच कळतं. माझ्यासमोर बोलली की कळतं."

मग तू मला तुझ्या बाबांचं सांगितलंस. ते भुसावळला इंजिन ड्रायव्हर होते. इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की एकाने तो मोठ्याने म्हणायचा, आणि दुसऱ्याने स्वतः बघून पुन्हा म्हणायचा. दिसतंय तर म्हणायचं कशाला, असं तू लहानपणी विचारलं होतंस. बाबा म्हणाले होते, रोज दिसणारी गोष्ट माणूस बघायचं सोडून देतो; तोंडाने म्हणावी लागली की बघावी लागते. ते घरीसुद्धा गॅस बंद केला की 'गॅस बंद' म्हणायचे आणि स्वयंपाकघरातून अक्का 'गॅस बंद' म्हणायची. "माझ्या कंपनीत तपासणीची मोठी यंत्रणा आहे," तू म्हणालीस, "पण माझ्या इंजिनात दुसरी माणूस अक्काच."

आणि सहा वाजता बंद. सहा म्हणजे सहा. ओळ अर्धी असली तरी तू उठायचीस. मुद्दामच अर्धी ठेवायचीस म्हण ना, म्हणजे सकाळी हात कुठे घालायचा ते शोधावं लागत नाही. लॅपटॉपला फुलाफुलांचं कापड गुंडाळून कपाटात, गोधड्यांच्या खाली. कंपनीचे फोन त्या गोधड्यांखाली वाजून वाजून थकायचे.

याच सहा वाजण्यावरून तुझ्यावर अन्याय झाला. तो मी डोळ्यांनी बघितला आणि कानांनी ऐकला. तुझ्या अप्रेझलचा फोन होता, मी समोर बसले होते. मॅनेजर अगदी मायेने बोलत होता. काम चांगलं आहे, वादच नाही. पण बांधिलकी दिसत नाही. संध्याकाळनंतर तुम्ही उपलब्ध नसता. टीममधला तो दुसरा मुलगा बघा, मागच्या रिलीजला रात्रभर बसून सगळं उभं केलं त्याने.

तू शांतपणे म्हणालीस, "सर, माझं काम वर्षभरात किती वेळा परत आलं, ते बघितलंत का?"

"तो मुद्दा नाहीये."

"मग मुद्दा काय आहे?"

"टीम स्पिरिट."

त्या मुलाने रात्री जे उभं केलं ते दुपारी त्यानेच पाडलं होतं, हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, मॅनेजरलाही माहीत होतं. त्याला शाबासकी. तुला सगळ्यात खालचा शेरा. फोन ठेवल्यावर मी खोलीत नुसती फिरत होते. मी म्हटलं, उद्या यावर पत्रक काढते. घाईत आग लावणारा रात्री ती विझवून हिरो होतो आणि जिच्या हाताखाली आग लागतच नाही ती कामचुकार ठरते! यावर पत्रक नाही काढायचं तर कशावर काढायचं?

तू म्हणालीस, नको. त्या पोराचं नाव तर मुळीच नको, तोही बिचारा भीतीने जागतो. तू स्वतःचंही नाव नको म्हणालीस.

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते आठवडाभर चाललं. मी म्हणायचे, तुझ्या शिस्तीचा फायदा मालकालाच. तू नीट काम करतेस म्हणून त्याचा गाडा चालतो, त्याची घाई झाकली जाते. तू म्हणायचीस, "माझ्या दिवसात किती मावतं, ते मला नेमकं माहीत आहे. म्हणून तर मी नाही म्हणू शकते. ज्याला स्वतःचंच माहीत नाही, तो कशाच्या जोरावर नाही म्हणेल? तुझी संघटना त्याला घोषणा देईल. पण किती काम जास्त आहे, हे तो सांगणार कसं? बठ्ठं म्हणून?"

मी म्हणायचे, "एकटीने नाही म्हटलं की शेरा मिळतो, ताई. सगळ्यांनी मिळून म्हटलं की कायदा बदलतो."

"मग सगळ्यांना आधी नीट मोजायला शिकव."

"आणि मोजता मोजता माणूस मेला तर?"

शेवटच्या शुक्रवारी बोलणं इथवर आलं होतं. मी तावातावाने उभी होते. तू काहीतरी बोलायला तोंड उघडलंस, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलंस. लॅपटॉप मिटलास. त्याला कापड गुंडाळता गुंडाळता म्हणालीस, "सहा वाजले, बठ्ठंबाई. सोमवारी बोलू."

मी पाय आपटत जिना उतरले आणि धुळ्याची बस धरली. रविवारी सकाळी तू नेहमीसारखी मेहरूण तलावावर फिरायला गेलीस, कट्ट्यावर जरा बसलीस, आणि उठलीच नाहीस.

ताई, तू काय बोलणार होतीस? मला त्या घड्याळाचा राग येतो. तुझ्या शिस्तीचा इतका राग मला कधीच आला नव्हता. एक वाक्य सहाच्या पलीकडे गेलं असतं तर काय बिघडलं असतं गं?

मी पोचले तेव्हा घरात माणसंच माणसं होती. अक्का पांढऱ्या साडीत भिंतीला टेकून बसलेली. मी तिच्या मांडीत डोकं घातलं. तिनेच माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तिच्या बाबांचंही असंच झालं होतं. असंच बसल्या बसल्या. तिला माहीत होतं, पोरी. घराण्यातलाच त्रास. गोळ्या चालू होत्या, म्हणून तर सकाळचं फिरणं." तू मला हे कधी सांगितलं नाहीस. मला काय काय सांगायचं, याचाही अंदाज तू बांधून ठेवला होतास का?

आईचा गावाहून फोन आला. तिला तू एकदाच भेटली होतीस, पण तिच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर मागून मागून खाल्ली होतीस. आईला तेवढं पुरतं. "पहिले रडी ले," ती म्हणाली. "मंग जेवी ले. तुनी ताईले उपाशी माणूस आवडे नही." आणि मग तीच रडायला लागली.

सगळ्यांनी मिळून वंदना घेतली, पंचशील घेतलं. तुझ्याबरोबर विहारात येऊन येऊन मला ते पाठ झालंय. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, आणि मी ओठ नुसते हलवले. 'बळी' हा शब्द तोवर माझ्या डोक्यात पक्का बसला होता. अक्काचं बोलणं ऐकूनही मी दुसऱ्या दिवशी तो कागदावर उतरवला.

भाऊंना मी सांगितलं नाही असं नाही. म्हटलं, "भाऊ, तिला घराण्यातला त्रास होता. वडीलही तसेच गेले."

"मग काय लिहायचं? निसर्गाचा निषेध?"

"ती फिरायला गेली होती, भाऊ."

"कामाचा ताण काय घरी कुलपात ठेवून गेली होती?"

"ती सहा वाजता लॅपटॉप बंद करायची."

भाऊ म्हणजे वाईट माणूस नाही. या लढ्यात त्यांची अर्धी उमर गेलीय. म्हणाले, "ते लिहू नकोस म्हणजे झालं. त्या सहा वाजण्यामुळे वाचणारा गोंधळतो."

मी मान हलवून निघाले. तुझा चांगला फोटो हवा होता म्हणून मेहरूणला आले. तोवर कंपनीने लॅपटॉप परत मागितला होता. इकडे माणूस गेल्याला आठवडा नाही, आणि त्यांना त्यांची मालमत्ता हवी! मी म्हटलं, नाही देत, काय करतील? अक्का उठली, गोधड्यांखालून लॅपटॉप काढला, कापड सोडून घडी घालून आपल्याजवळ ठेवलं आणि लॅपटॉप कंपनीकडून आलेल्या माणसाच्या हातात दिला. वर त्याला पाणी विचारलं.

मग ती लसूण घेऊन बसली. हाताला काहीतरी हवं म्हणून. स्वयंपाक तर शेजारचेच आणून देत होते.

"हातात काय आहे तुझ्या?" तिने विचारलं.

"ताईवर लिहिलंय. छापायचंय."

"मग वाच की."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. ताई, मी तिथेच का बसले असेन! जिथून मी तुला हसले होते, तिथेच. वाचायला लागले. तू भुसावळची, रेल्वे कामगाराची मुलगी. अक्का म्हणाली, हं. तू खानदेशातल्या पोरांना काम शिकवलंस. हं. कंपनीने तुला खालचा शेरा दिला. हं. तुझ्यावर कामाचा असह्य बोजा होता, तुला रात्रीचा दिवस करावा लागला, आणि शेवटी त्या कामानेच…

पुढचं वाक्य समोर होतं. माझ्याच अक्षरातलं. ते तोंडातून निघेना. मनात हजारदा म्हटलं होतं, बसमध्ये, भाऊंसमोर. अक्कासमोर म्हणता येईना. तुला बळी करायचं तर आधी तुझं सहा वाजणं चोरावं लागणार होतं. ज्या गोष्टीसाठी तू तो शेरा हसत घेतलास, नेमकी तीच मी खोडून टाकली होती. कंपनीने तुझा सहाचा नियम दोष म्हणून लिहिला. मी तर तो नव्हताच असं लिहिलं.

लसणाची सालं हातात धरून अक्का माझ्याकडे बघत होती.

"सापडलं का?"

"सापडलं, अक्का."

ते पत्रक मी फाडलं. नवं लिहिलं. त्यात एवढंच आहे की सुजाताताई रोज सहा वाजता काम थांबवायच्या, त्यांचं काम क्वचितच परत यायचं, आणि त्यांच्या कंपनीने त्यांना सगळ्यात खालचा शेरा दिला. कामाची पारख कामावरून करा, जागरणावरून नाही. भाऊंनी वाचलं. म्हणाले, "यात बळी कुठे आहे?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "तुझ्या नावाने छाप. आणि संघटनेच्या अंकात माझं पान आहे, त्यावर तिच्याबद्दल जे लिहायचं ते लिही." हे तेच पान.

म्हणजे तू जिंकलीस असं समजू नकोस हं. माझं म्हणणं अजून कायम आहे. तो भीतीने जागणारा पोरगा नीट मोजायला शिकला तरी त्याचा मॅनेजर तोच राहणार. तुझ्या शिस्तीने तू त्या जागरणातून वाचलीस, तो वाचणार नाही. त्याच्यासाठी संघटनाच लागेल. यावर तुझ्याकडे उत्तर होतं, मला खात्री आहे, त्या शुक्रवारी ते तुझ्या ओठांवर आलं होतं. आता मी ते रोज नवं नवं बनवते आणि रोज त्याच्याशी भांडते. तुझ्या बाजूने बोलताना माझा आवाज तुझ्यासारखा होतो, असं अक्का म्हणते.

आज सोमवार आहे, ताई. तुझ्याच वरच्या खोलीत बसून हे लिहिलं. सकाळी स्वतःला सांगितलं होतं, दुपारपर्यंत होईल. नाही झालं. माझा अंदाज चुकला, कारण मध्ये मध्ये रडण्याला किती लागेल ते धरलं नव्हतं. आता खाली येऊन अक्काला वाचून दाखवतेय. ती इथवर नुसतं हं हं करत आली, मीही एकदाही अडकले नाही. तुझ्याशी शेवटचं जे बोलायचं होतं, तिथे पोचले, तर तिने लसणाचं ताट बाजूला सारलं, भिंतीकडे बघितलं आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "सहा वाजले गं."

उठते, ताई. ओळ अर्धी ठेवून.